नागपूरच्या उन्हात इंजिन ऑइल कोणतं टाकायचं, फिल्टर कधी बदलायचे? (वॅगनआर, ॲक्टिव्हा, स्प्लेंडर)

मनीषनगरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी संपत आला, ऊन चढायच्या आधी घरातल्या तिन्ही गाड्यांचं ऑइल करून टाकावं म्हणतो, पण जेवढ्या लोकांना विचारलं तेवढी वेगळी उत्तरं मिळून राहिली म्हणून इथं लिहितो.

गाडी एक, बाबांची वॅगनआर पेट्रोल, २०१४ ची, ६१ हजार चालली. बाबा रिटायर झाल्यापासून तिचं काम म्हणजे मनीषनगर ते अजनी, भाजी आणायची, कधी दवाखाना, आन् महिन्यातून एकदा बुटीबोरीला मामाकडे. शेवटचं ऑइल टाकून चौदा महिने झाले पण किलोमीटर फक्त ३८००. बाबा म्हणतात दहा हजार होऊ दे, आत्ताच कशाला. गाडी दोन, ताईची ॲक्टिव्हा. गाडी तीन, माझी स्प्लेंडर, ती अर्धा वेळ काटोलला शेतावरच असते.

आमचा मिस्त्री म्हणतो तिन्हीत २०डब्ल्यू-५० टाक, नागपूरच्या उन्हात जाडच ऑइल पाहिजे, पातळ ऑइल मे महिन्यात पाणी होऊन जाते. वॅगनआरच्या मॅन्युअलमध्ये मात्र ५डब्ल्यू-३० लिहिलं आहे. कोणाचं ऐकू?

वाडी_गॅरेजवाला

भाऊ, मिस्त्रीवर रागावू नका, तो जिथं शिकला तिथं तेच खरं होतं. मी पण बावीस वर्षांपूर्वी कामाला लागलो तेव्हा ॲम्बेसेडर, जुन्या जीपा, ट्रॅक्स असल्याच गाड्या यायच्या, सगळ्यात २०डब्ल्यू-४० नाहीतर २०डब्ल्यू-५० ओतायचो, त्या इंजिनात गॅपच तेवढे असायचे. आजही पिस्टनच्या रिंगा गेलेलं, धूर मारणारं इंजिन आलं आन् गिऱ्हाइकाकडे सध्या कामाचे पैसे नाहीत तर जाड ऑइल टाकून सहा महिने ढकलून देतो. पण ती मलमपट्टी झाली. ६१ हजाराच्या चांगल्या वॅगनआरला काहून टाकायचं?

पुस्तकात जो ग्रेड लिहिला तोच टाका. जाड ऑइल टाकलेल्या नवीन गाड्या सकाळी सेल मारल्यावर दोन तीन सेकंद खर्रर्र करतात, वरपर्यंत ऑइल पोहोचेस्तोवर इंजिनातली टायमिंग चेन तशीच कोरडी वाजते, तो आवाज मी रोज ऐकतो.

हिंगणा_बी_शिफ्ट

वाडीवाले दादा बरोबर बोलले. मी एमआयडीसीत मशीन मेन्टेनन्सला आहे, ऑइलचं काम रोजचंच, म्हणून थोडं लांबवून सांगतो, कारण हे "पाणी होते" वालं प्रकरण नागपुरात लय खोलवर बसलं आहे.

डब्ल्यू म्हणजे विंटर. वजन नव्हे, जाडी पण नव्हे. पहिला आकडा ऑइल थंडीत किती चालतं ते सांगतो आणि दुसरा आकडा १०० डिग्रीला ते किती घट्ट राहतं ते. १०० डिग्रीला ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (घट्टपणा मोजायचं माप) बसलं पाहिजे, ४० नंबरचं १२.५ ते १६.३, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे तुझा मिस्त्री जे सांगून राहिला ते गरम इंजिनात मॅन्युअलपेक्षा दीडपट पावणेदोनपट घट्ट. इंजिनचा पंप, बेअरिंगमधली फट, वरची बारीक भोकं हे सगळं ३० नंबर धरून बनवलेलं आहे.

आता ऊन. नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ डिग्री, २३ मे २०१३. त्या दिवशी मी सायकलनं कंपनीत गेलो होतो, अजून आठवतं. पण कारच्या इंजिनला थर्मोस्टॅट असतो, कूलंट ९० च्या आसपासच धरून ठेवतो, बाहेर जानेवारी असो का मे. उन्हाळ्यात पंखा जास्त वेळा लागतो, रेडिएटरला जास्त काम पडतं, ऑइल थोडं जास्त तापतं, पण जे ऑइल १०० डिग्रीसाठीच मोजलेलं आहे त्याचं पाणी होत नाही. मे महिन्यात काळजी करायची असेल तर कूलंटची करा, पंखा वेळेवर लागतो का ते पाहा. साधं पाणी भरून फिरणारे लोक इथं कमी नाहीत.

आणि थंडीचा आकडा. ५डब्ल्यू ची स्टार्टिंगची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री झालं होतं तेच लोकांना अजून आठवतं. मग ५डब्ल्यू कशाला, असं कोणी म्हणेल. तर इंजिनसाठी ३० डिग्रीची सकाळ पण थंडच असते. १०० डिग्रीला जे ऑइल सरसर वाहतं ते ३० डिग्रीला कितीतरी पट घट्ट असतं आणि सेल मारल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत ते वर चढायचं असतं. तुझ्या बाबांची गाडी सुरू होते आणि चार किलोमीटरवर बंद होते, तिला या पहिल्या आकड्याची गरज हायवेवाल्यापेक्षा जास्त आहे.

मनीषनगरचा_पोट्टा

वा, मनापासून आभार. पण मग बाबांचं काय? ते म्हणतात चाललीच नाही तर ऑइल खराब कसं होईल, कपाटातल्या डब्यातलं होते का?

हिंगणा_बी_शिफ्ट

काकांना सांग, डब्यातल्या ऑइलमध्ये जळलेल्या पेट्रोलचा धूर जात नाही, इंजिनातल्या ऑइलमध्ये रोज जातो. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथं, उतरते, थोडं न जळलेलं पेट्रोल पण उतरतं. गाडी अर्धा तास पळाली तर ऑइल तापून हे उडून जातं. चार किलोमीटरमध्ये काट्यावर गाडी गरम दिसते पण ऑइल मागंच राहतं, ते तापायला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो. पाणी आत राहतं, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारायला जी औषधं ऑइलमध्ये घातलेली असतात ती संपत जातात. म्हणून मारुतीचं पुस्तक दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतं, आणि यातलं जे आधी येईल ते धरायचं असतं. त्याच पुस्तकात मागं खडतर वापराचा वेगळा तक्ता आहे, त्यात कमी अंतराच्या फेऱ्या आणि धूळ दोन्ही येतात. काकांची गाडी त्या तक्त्यातली आहे. चौदा महिने झाले म्हणजे दोन महिने उशीर झालाच.

ऑइल भरायच्या झाकणाच्या खालून बोट फिरवून पाह्य. कॉफीच्या फेसासारखं पिवळट लागलं तर तीच ओल. नुसतं झाकणाला थोडं असेल तर लहान फेऱ्यांमुळे, घाबरू नको. ऑइल मोजायच्या दांडीवर पण दुधाळ दिसलं तर मात्र हेड पॅकिंगमधून कूलंट येत असेल, गाडी चालवू नको, सरळ दाखव.

समृद्धी_जालना_रोजचा

माझी डिझेल, बीएस६, २०२१ ची. ऑइल पंधरा दिवसांतच काळं होते, मग लवकर बदलू का?

वाडी_गॅरेजवाला

डिझेलचं ऑइल काळं होणारच दादा, काजळी पकडून धरायचं कामच आहे त्याचं. रंगावर जाऊ नका. पेट्रोलचं ऑइल सोनेरी राहिलं तरी संपलेलं असू शकते आन् डिझेलचं दोन दिवसात काळं झालं तरी चांगलं असू शकते.

तुमच्याकडे पाहायची गोष्ट लेव्हलची आहे. बीएस६ मध्ये सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल मारून ती जाळते. समृद्धीवर तुम्ही १२० च्या लिमिटमध्ये सलग जाता तेव्हा ते काम पूर्ण होते. शहरात सिग्नल टू सिग्नल चालवलं आन् मधेच बंद केली तर ते डिझेल खाली चेंबरमध्ये येते आन् दांडीवर ऑइल वाढलेलं दिसते. लोक खुश होतात, म्हणतात गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते! मॅक्सच्या वर गेलं तर त्याच दिवशी बदला, पातळ झालेलं असते.

ऑइल घेताना कमी राखेचं घ्या, डब्यावर एसीईए (युरोपातला ऑइलचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काही असेल, तुमच्या पुस्तकात कोणतं लिहिलं ते पाहा. ट्रकचं ट्रॅक्टरचं स्वस्त ऑइल टाकलं तर राख डीपीएफमध्ये जाऊन बसते आन् काजळीसारखी जळत नाही. डीपीएफ बदलायचा खर्च ऐकला तर माणूस खाली बसते.

कोराडी_रोड

सगळे ऑइलवर बोलून राहिले म्हणून माझी गोष्ट सांगतो, एअर फिल्टरची.

मी कोराडीच्या वीज प्लँटच्या बाजूला राहतो. घराच्या गच्चीवर सकाळी बोट फिरवा, राखेची रेघ निघते. शिवाय आमच्या बाजूनं दोन वर्षं सिमेंट रोडचं काम चालू होतं. माझी आधीची गाडी ९० हजाराला ऑइल खायला लागली, दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर. मी चांगलं महागाचं सिंथेटिक टाकायचो, पाच हजारावर बदलायचो, एकदा पण चुकलो नाही. इंजिन उघडलं तर रिंगा आणि बोअर दोन्ही घासलेले.

कारण नंतर सापडलं. दीड दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला दिली होती तिथं एअर फिल्टर हवा मारून परत बसवला, पण डब्याची एक क्लिप लागलीच नव्हती. एका बाजूनं बोटभर फट. दीड वर्ष गाडीनं फिल्टर सोडून फटीतून श्वास घेतला. जे ऑइल मी एवढं जपून निवडत होतो त्यात वरून बारीक वाळू पडत होती. मला त्या इंजिनचं खूप वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण दोष पन्नास पैशाच्या क्लिपचा होता आणि ती पाहायला कोणाला एक मिनिट लागलं नसतं, मला पण नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की कोणीही एअर फिल्टरचा डबा उघडला तर मी स्वतः बंद करतो. आणि दर दोन महिन्यांनी डबा उघडून फिल्टरच्या *पलीकडच्या* बाजूला, म्हणजे इंजिनकडच्या पाइपात, पांढरं फडकं फिरवतो. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. माती निघाली तर फिल्टर फाटला आहे, चुकीचा बसला आहे किंवा लोकल घेतल्यामुळे रबराची कड पुरत नाही. फिल्टरची बाहेरची बाजू मळकट असणं चांगलंच, तो त्याचं काम करून राहिला आहे.

धरमपेठ_ॲक्टिव्हा

कोराडी रोड दादा, हे वाचून मी लगेच माझ्या बाबांच्या गाडीचा डबा पाहून आले. क्लिपा नीट आहेत.

ॲक्टिव्हाबद्दल मी सांगते, माझी दुसरी ॲक्टिव्हा आहे. ताईच्या गाडीला २०डब्ल्यू-५० अजिबात नको. १०डब्ल्यू-३० घ्या आणि डब्यावर जासो (जपानी दर्जा) एमबी पाहा. एमबी म्हणजे स्कूटरचं, कारण स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. बाइकचा असतो, तिला एमए किंवा एमए२ लागतं. म्हणून स्कूटरचं उरलेलं ऑइल स्प्लेंडरमध्ये टाकू नका, क्लच सरकतो, गाडी ओरडते आणि पुढे जात नाही. माझ्या भावानं कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकलं होतं, तेच झालं, अव्हरेज वाढवणारं कारचं ऑइल होतं ते.

दुसरं, ॲक्टिव्हाला कारसारखा ऑइल फिल्टर नसतो, आत एक जाळी असते. ऑइल काढताना जाळी काढून पेट्रोलमध्ये धुऊन लावायला सांगा, समोर उभं राहून सांगा, नाहीतर कोणी काढत नाही. मागच्या चाकाजवळ गियरचं ऑइल वेगळं असतं, ते तर सगळेच विसरतात. आणि एअर फिल्टर तेलकट कागदाचा असतो, त्याला हवा मारायची नसते, धुवायचा नसतो, सरळ बदलायचा. गॅरेजमध्ये हवा मारून "साफ केला ताई" म्हणतात तेव्हा मी नवीनच लावून घेते.

काटोल_संत्रा

स्प्लेंडर शेतावर राहते म्हणता तं माहं पण ऐका. आमच्याकडे धुऱ्यावरून, मातीतून, कधी पाठीमागं दोन क्रेट बांधून गाडी चालते, सगळी पहिल्या दुसऱ्या गियरमधी. मी पयले ट्रॅक्टरचं ऑइल टाकत होतो, घरी २० लिटरची बकेट असतेच. क्लच प्लेटा लवकर गेल्या. आता १०डब्ल्यू-३० चं बाइकचंच टाकतो, दर दोन अडीच हजारावर, आन् संत्र्याच्या हंगामात तं त्याच्याही आधी.

स्प्लेंडरले पण कागदाचा फिल्टर नाही बाप्पा. खाली जाळी आन् क्लचच्या बाजूले एक गोल डबी असते, ती इंजिनसंग फिरते आन् कचरा कडेले फेकून जमा करते. क्लच कव्हर उघडल्याशिवाय ते साफ होत नाही. माह्या गाडीत उघडली तं काळा मेणासारखा थर निघाला, नखानं कोरावा लागला. कव्हर उघडलं का पॅकिंग नवीन टाकायचं, जुनं चिपकवलं तं गळते.

मनीषनगरचा_पोट्टा

काका, हे तर मला माहीतच नव्हतं, माझ्या स्प्लेंडरची डबी आठ वर्षांत कोणी उघडली नसेल. पाहतोच आता.

कारच्या ऑइल फिल्टरबद्दल एक विचारायचं होतं. मिस्त्री म्हणतो फिल्टर एक आड एक बदलला तरी चालते. आणि लोकल फिल्टर निम्म्या भावात मिळते.

वाडी_गॅरेजवाला

दर वेळी बदला. फिल्टर चोंदला तरी इंजिन बंद पडत नाही म्हणून लोकांना कळत नाही. त्यात एक बायपास व्हॉल्व्ह असते, चोंदला का ते उघडते आन् बिनगाळलेलं ऑइल सरळ इंजिनात जाते. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पावशेर जुनं ऑइल असते, ते नवीनमध्ये मिसळते.

लोकल फिल्टर मी कापून पाहिले आहेत. एकात आतल्या कागदाच्या घड्या मोजल्या तर कंपनीच्या फिल्टरपेक्षा निम्म्याच होत्या. दुसऱ्यात आतलं रबर कडक प्लास्टिकसारखं होतं. त्या रबराचं काम गाडी बंद असताना ऑइल वर धरून ठेवायचं आहे, ते कडक झालं का रात्रभर ऑइल खाली उतरते आन् सकाळी तोच खर्रर्र. एवढे पैसे वाचवून काय करता?

नकली ऑइलचं पण सांगतो. भंगारवाले रिकामे डबे घेतात ते सगळेच वितळवत नाहीत, काही परत भरले जातात. म्हणून रिकामा डबा देताना त्याला खिळ्यानं भोक पाडून द्या, मी माझ्या गॅरेजात प्रत्येकाला सुऱ्यानं कापतो. घेताना झाकणाखालचा चांदीचा कागद अख्खा पाहिजे, डब्यावरची तारीख खोडलेली नको, पक्कं बिल घ्या. वीस तीस टक्के स्वस्त कोणी देत असेल तर तिथून निघा.

समृद्धी_जालना_रोजचा

एपीआयचं पण सांगा, एसएन घ्यायचं का एसपी?

हिंगणा_बी_शिफ्ट

एपीआय म्हणजे ऑइलचा अमेरिकन दर्जा. त्यात एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पेट्रोलच्या गाडीला पुस्तकात एसएन असेल तर एसपी चालतं, नवीन अक्षर जुन्याची जागा घेतं. एसपी मध्ये टायमिंग चेनची झीज आणि टर्बो पेट्रोल इंजिनमधलं कमी आरपीएमवरचं ठोकणं यांच्या टेस्ट वाढवल्या. तुमची डिझेल आहे, तुम्ही वर सांगितलेलं एसीईए सी२, सी३ वालं अक्षर पाहा. ब्रँडवर भांडू नका, ग्रेड आणि ही अक्षरं बरोबर असतील आणि माल खरा असेल तर चांगल्या कंपन्यांत मी तरी फरक करत नाही.

मनीषनगरचा_पोट्टा

अपडेट देतो. रविवारी वॅगनआरचं ऑइल मी आणि बाबांनी घरीच केलं. ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, साडेतीन लिटरचा डबा, कंपनीचा फिल्टर, चेंबरच्या नटाला नवीन वायसर. गाडी दहा मिनिटं फिरवून आणली, जॅक लावून खाली लाकडाचे ठोकळे पण लावले, नट सोडला. झाकणाखाली थोडं पिवळं निघालं होतं, दांडी स्वच्छ होती.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुना फिल्टर काढला तर त्याचं रबर इंजिनलाच चिटकून राहिलं. बाबांनी टॉर्च मारून पाहिलं म्हणून दिसलं, नाहीतर मी त्यावर दुसरा लावला असता आणि रस्त्यावर दोन रबरांमधून सगळं ऑइल बाहेर आलं असतं. नवीन रबराला बोटानं ऑइल लावलं, हातानं टेकवला आणि वर पाऊण फेरा, पाना नाही लावला. तीन लिटर टाकून सुरू केली, बंद केली, पाच मिनिटांनी दांडी पाहिली, मग थोडं थोडं करून वरच्या खुणेच्या खाली आणलं. डब्यात थोडं उरलं, पुढच्या वेळी टॉप-अपला.

एअर फिल्टरचं फडकं स्वच्छ निघालं पण फिल्टर स्वतः काळा झाला होता, नवीन लावला, क्लिपा बाबांनी बंद केल्या आणि दोनदा हलवून पाहिल्या. आता बॉनेटच्या आत खडूनं तारीख लिहिली आहे आणि बाबा म्हणतात दर रविवारी वर्धा रोडनं खापरीच्या पुढे एक चक्कर मारत जाईन, ऑइल तापलं पाहिजे.

जळकं ऑइल साधारण तीन लिटर निघालं. त्याचं काय करू? नालीत टाकायचं नाही एवढं पक्कं, आमची नाली सरळ नदीला जाते.

काटोल_संत्रा

आमच्याकडे लोक लाकडाले लावतात, वाळवीसाठी. मी पण लावत होतो, पण गोठ्याच्या दांड्याले लावलं तं बैलाच्या अंगाले लागलं, कातडी लाल झाली. आता नाही लावत.

वाडी_गॅरेजवाला

काका, बरं केलं. ते विषारी असते, हाताले पण लागू देऊ नका, कामाच्या वेळी हातमोजे घाला. पोट्ट्या, त्याच डब्यात भर, झाकण घट्ट लाव, पाणी पेट्रोल मिसळू नको आन् माझ्याकडे आणून दे. माझ्या ड्रमात जमा होते, परवानावाला रिसायकलवाला महिन्यातून एकदा नेते. जुना फिल्टर पण आण, उलटा ठेवून रात्रभर निथळू दे.

आन् स्प्लेंडर घेऊनच ये, क्लच कव्हरचं पॅकिंग आहे माझ्याकडे. ती डबी तुझ्यासमोर उघडू.